फराळाविना आगमनकाळ

आई २०२४च्या सप्टेंबरात गेली. दुखवट्याच्या वर्षात आमच्या घरी नाताळचा फराळ होत नाही आणि गॅलरीत ताऱ्याचा कंदील लागत नाही. शेजारपाजारचे ताट आणून देतात, तेवढंच. दरवर्षी डिसेंबर उजाडला की नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण, शिंप्याकडच्या फेऱ्या, भिंतींना रंग यांत आम्हा वसईकर कॅथलिकांचे दिवस भुर्रकन जातात. त्या वर्षी हातांना कामच उरलं नाही. मग चर्च ज्याला तयारी म्हणतं, ती करून पाहायची असं मी ठरवलं.

नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे या तयारीचा काळ, सुरू होतो. २०२४मध्ये तो १ डिसेंबरला आला. वेदीवर जांभळा रंग येतो, मिस्सामधलं, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेतलं, ‘गौरव’ गीत थांबतं, ‘आलेलुया’ मात्र चालू राहतं. बरेच जण याला छोटा उपवासकाळ, ईस्टरआधी असतो तसा, समजतात. मला ते पटत नाही. उपवासकाळाची नजर क्रुसावर असते, इथे मन दाराकडे लागलेलं असतं. चर्चमध्ये रोज होणाऱ्या बायबल-वाचनांचा भर १६ डिसेंबरपर्यंत प्रभूच्या पुनरागमनावर असतो, गव्हाणीतलं बाळ १७ तारखेपासून जवळ येऊ लागतं.

मी एकच नेम धरला. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये त्या दिवसाची वाचनं वाचायची, आणि अंधेरी येईपर्यंत मोबाइलवर दुसरं काही उघडायचं नाही. वसई रोडला बसायला जागा मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे बहुतेकदा एका हाताने कडी धरून उभ्यानेच वाचलं. पहिला आठवडा कोरडा गेला. यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचताना आईचे इस्पितळातले दिवसच डोळ्यांपुढे येत. तरी नेम सोडला नाही.

घरी पप्पांनी जेवणाच्या टेबलावर आगमनचक्र मांडलं: हिरव्या डहाळ्या, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी. ही प्रथा मूळची कॅथलिक नव्हे. १८३९मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिश विखर्न नावाच्या लुथरन पाळकाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी ती सुरू केली. संध्याकाळी मेणबत्ती लावून पप्पा रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, सुरू करत. आईच्या वाट्याचं रहस्य (जपमाळेचा एक भाग) आलं की ते थांबत, मग वहिनी ते उचलून धरायची.

तिसऱ्या रविवारी, १५ डिसेंबरला, फादर गुलाबी झग्यात आले. हा आनंदाचा रविवार. दुखवट्यातल्या माणसाला आनंद करा म्हणणं जड जातं. पण त्या वर्षी शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, लूकचं होतं आणि त्यात लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला सरळ विचारतात, “मग आम्ही काय करावं?” तो त्यांना रानात बोलावत नाही, उपासतापासही सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या, अन्नाचंही तसंच करा. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कोणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना. नोकरी सोड असं तो एकालाही म्हणत नाही! हे मी आधी कितीदा ऐकलं असेल, पण त्या दिवशी ते मला उद्देशून होतं.

मी एका कंपनीत हिशेब खात्यात आहे. वर्षअखेरीला छोट्या पुरवठादारांची बिलं जानेवारीवर ढकलायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. कॅन्टीनला भाजी देणारा, झेरॉक्सवाला, दुरुस्तीवाला यांची बिलं मी वेगळी काढली आणि साहेबांच्या टेबलापाशी उभी राहून सह्या घेतल्या. नाताळआधी पैसे त्यांच्या खात्यात पडले. माझ्यासाठी आगमनकाळातली ही सगळ्यात खरी प्रार्थना होती.

मग आईचं कपाट. सप्टेंबरपासून कोणी उघडलं नव्हतं. डांबरगोळ्यांचा वास, घडीवर घडी, आणि वरच्याच निळ्या सुती साडीच्या पदराला सेफ्टी पिन तशीच लावलेली. ती काढताना हात थरथरला. वहिनी म्हणाली, “ताई, जुन्या तेवढ्या देऊया.” मी नाही म्हटलं. विरलेलं देणं म्हणजे नुसतं कपाट रिकामं करणं, योहान ते सांगत नाही. लग्नातली साडी पप्पांसाठी ठेवली. बाकीच्या, चांगल्या नारायणपेठसकट, गरिबांना मदत करणाऱ्या संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या आमच्या धर्मग्रामातल्या (चर्चच्या परिसरातल्या) कार्यकर्त्यांकडे दिल्या. ते वसई पूर्वेच्या पाड्यांवर जातात.

त्याच आठवड्यात पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करणं, होतं. आजूबाजूच्या धर्मग्रामांतले फादरही येऊन बसले होते आणि रांगा बाहेर अंगणापर्यंत होत्या. आत काय बोलले ते माझं आणि देवाचं. बाहेर आल्यावर मोकळं रडले, एवढं सांगते.

१७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत रोज ख्रिस्ताला एका नव्या नावाने हाक मारतात. २१ तारखेची हाक ‘हे अरुणोदया’, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या संध्याकाळी पहाटेला बोलावणं. परतीच्या गाडीत बाहेर काळोख पडला होता, नायगावच्या खाडीवरून गाडी जात होती, आणि मी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. आई गेल्यापासून प्रार्थनेत मी स्वतःहून काही मागितलं ते तेव्हाच.

चौथ्या रविवारी येशूची आई मरिया डोंगराळ मुलखात आपल्या नातलग अलीशिबेच्या घरी जाते ते वाचन होतं. दुपारी पप्पांना घेऊन मावशीकडे गेले. दोघं आईविषयी पोटभर बोलले.

२४ डिसेंबरच्या रात्री ‘गौरव’ परतलं, घंटा वाजल्या, पप्पा सगळ्यांबरोबर गायले. २०२५मध्ये दुखवटा संपला आणि वहिनीने नेवऱ्यांची यादी काढली. आगमनकाळ ३० नोव्हेंबरला लागला. सारण करायला बसण्याआधी सगळ्यांची कपाटं उघडायची, असं आमचं ठरलं. या वेळी माझ्या साड्या.