आकडा पाठवण्याऐवजी प्रस्ताव मांडायला लागले तेव्हा

स्वतंत्रपणे वेबसाइट तयार करून देण्याचे काम सुरू केल्यावर पहिली दोन वर्षे माझी अशी समजूत होती की, ग्राहकाने किंमत विचारताच ती कळवून मोकळे होणे म्हणजे तत्परता. चौकशीचा मेल आला की त्याच संध्याकाळी एक पानी कोटेशन जात असे: मध्ये ‘वेबसाइट डिझाइन व उभारणी’ अशी एकच ओळ आणि खाली एक आकडा. बहुधा उत्तर येत नसे. आलेच तर ‘काही कमी होईल का?’ एवढेच. मी लगेच १० टक्के उतरवत असे आणि पहिला आकडा फुगवलेलाच होता, अशी शंका घ्यायला स्वतःच जागा करून देत असे.

त्या एका ओळीची खरी किंमत एका कामात कळली. ग्राहकाने तिचा अर्थ मजकूर, छायाचित्रे आणि पुढची देखभाल यांसह सगळे, असा घेतला होता. सहा आठवड्यांचे काम चार महिने चालले आणि माझ्या संगणकावर ‘होमपेज_अंतिम_९’ नावाची फाइल तयार झाली. दोष ग्राहकाला देता येत नव्हता, कारण कामात काय येते आणि काय येत नाही, हे मी कुठेच लिहिलेले नव्हते.

त्यानंतर तीन महिने मी तासांची नोंद ठेवली. आठवड्याला ४० तास काम करूनही बिल लावता येईल असे जेमतेम २४ भरत होते. उरलेले मेल, कोटेशने, हिशेब आणि नवे शिकणे यांत जात होते. वर्षाचा खर्च, कर, सुट्ट्या आणि आजारपण यांची बेरीज मी आजवर ४० तासांच्या हिशेबाने भागून ताशी दर काढत आले होते, म्हणजे दर ठरवतानाच तोटा पत्करत होते.

आता प्रस्तावाआधी अर्धा तास बोलणे होतेच. सध्या कुठे अडते, निर्णय कोण घेणार आणि काम कधीपर्यंत हवे, हे विचारून मगच तीन पाने लिहिते. पहिल्या पानावर त्यांची अडचण शक्यतो त्यांच्याच शब्दांत असते. दुसऱ्यावर पानांची संख्या, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि कामात न येणाऱ्या गोष्टी. तिसऱ्यावर तीन पर्याय, ४०-३०-३० टक्क्यांचे हप्ते आणि हा दर ३० दिवसांपुरताच असल्याची नोंद. मोठा पर्याय आधी मांडते, कारण पहिला आकडा पुढच्या आकड्यांचे मोजमाप ठरवतो, हे मानसशास्त्रज्ञ ट्व्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. मात्र केवळ शोभेसाठी पर्याय ठेवू नये. मी एकदा ठेवला आणि ग्राहकाने नेमका तोच निवडला.

सर्वांत अवघड गेले ते किंमत तोंडाने सांगणे. व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा आकडा उच्चारला आणि समोर शांतता पसरली. ‘थोडे कमी करता येईल’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते; ते गिळण्यासाठी मी पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. तेवढ्यात त्यांनीच विचारले, “मजकूर आम्ही लिहून दिला तर?” मी मजकुराची ओळ काढली, तिची रक्कम वजा केली आणि बाकीचा दर तसाच ठेवला. त्याच आठवड्यात आगाऊ रक्कम जमा झाली.

मजकूर ठरल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी आला. ग्राहकाकडून सामग्रीला जेवढा उशीर होईल तेवढी मुदत पुढे सरकेल, असे दुसऱ्या पानावर लिहिलेले होते, पण ते दाखवण्याची वेळ माझ्यावर आली नाही. मजकुरासोबतच्या मेलमध्ये त्यांनी स्वतःच ते वाक्य उतरवून नवी तारीख मागितली होती.