आईला पायरीपर्यंत न्यायचंय

मागच्या रविवारी गोव्यातल्या आमच्या गावी, नार्व्याला गेले तेव्हा आई कालनिर्णय मांडीवर घेऊन बसली होती. चष्मा नाकावर आणि बोट एका चौकोनावर टेकवलेलं. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "बाय, कार्तिक वद्य पंचमी रविवारी येते. त्या दिवशी मला रायगडावर असायचंय."

रायगडाला जायचं हे तसं आषाढातच ठरलं होतं, फक्त कधी ते ठरत नव्हतं. पावसाळ्यात न्यायची माझी तयारी नव्हती. चतुर्थी झाल्याशिवाय आई घर सोडणार नाही. मग दसरा, दिवाळी, त्यानंतर तुळशीचं लग्न, म्हणजे आमची व्हडली दिवाळी. मी डिसेंबर म्हणत होते. दादा म्हणत होता की डिसेंबरात शाळांच्या सहली असतात, जानेवारी बरा. आम्हा दोघांचं चाललेलं असताना आई काहीच बोलली नव्हती. ती मनात तिथी धरून बसली होती.

ही तिथी तिला कुठून मिळाली ते नार्व्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. सप्तकोटेश्वराच्या दारावर शिलालेख आहे. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, शिवरायांच्या आज्ञेने देवालयाला प्रारंभ. इंग्रजी साल १६६८. हा देव मूळचा पलीकडच्या दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचा. ते आपल्या बिरुदात 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं अभिमानाने लावत. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं आणि लिंग विहिरीवर पाणी शेंदायच्या कामाला लावलं. तिथून लोकांनी ते काढून नदीच्या अलीकडे आणलं, आणि पुढे महाराजांनी या देवाला दगडी घर बांधून दिलं. आई लग्न होऊन या गावात आली तेव्हा आजोबांनी तिला पहिल्याच सोमवारी त्या दारात उभं करून लेख वाचायला लावला होता. तेव्हापासून ती आत शिरताना मान वर करून तो वाचते. अक्षरं तिला आता नीट दिसत नाहीत, पण ओठ हलतात. दुरुस्तीचं काम चालू होतं त्या काळात तिचं हे वाचन चुकलं होतं. २०२३च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा खुलं झालं, तेव्हा ती आधी दाराखाली जाऊन उभी राहिली आणि मग आत गेली.

रायगडावर तिला बघायचाय तोही एक शिलालेखच. जगदीश्वराच्या देवळाला शके १५९६ चा संस्कृत लेख आहे. शक आकड्यांत लिहिलेला नाही, 'षण्णवबाणभूमि' असा शब्दांत सांगितलाय. षट् म्हणजे सहा, नव म्हणजे नऊ, बाण पाच आणि भूमी एक. उलट्या क्रमाने वाचलं की १५९६ येतं. राज्याभिषेकाचं वर्ष, १६७४. विहिरी, तळी, बागा, हत्तीशाळा, राजवाडे हे सगळं हिरोजीने बांधलं आणि चंद्रसूर्य आहेत तोवर ते नांदो, असा त्याचा आशय. याशिवाय देवळाच्या एका पायरीवर मराठीतली छोटी ओळ आहे: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर'. गड बांधून झाल्यावर महाराजांनी बक्षीस विचारलं आणि हिरोजींनी पायरीवर नाव कोरायची परवानगी तेवढी मागितली, म्हणजे महाराज दर्शनाला येताना त्यांच्या पायाची धूळ नावावर पडेल, अशी आख्यायिका आहे. आईला त्या पायरीशी बसायचंय. दोन देवळं, दोन्ही शंभूची, दोन्हींवर कोरीव अक्षरं, मध्ये सहा वर्षं. आपण रोज वाचतो त्या लेखाचं भावंड तिथे आहे, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं.

एकदा ही भेट होता होता राहिली आहे. अकरा वर्षांपूर्वी आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. बस तीन तास उशिरा पोचली आणि गडावर आम्हाला दीड तास मिळाला. राजसभा, मेघडंबरी, फोटो. आई नगारखान्याच्या कमानीखाली उभी राहून विचारत होती, जगदीश्वर कुठल्या बाजूला? तेवढ्यात परत फिरायची शिट्टी वाजली. बाबा तेव्हा होते. त्यांनी होळीच्या माळापलीकडे हात करून दाखवलं, तिथे. पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीने येऊ म्हणाले. ते वर्ष आलं नाही. म्हणून या वेळी मी प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवतेय, आणि आईला कुठे घाई करावी लागेल अशी एकही जागा ठेवायची नाही असं ठरवूनच बसलेय.

दादा गाडी काढायला तयार होता. पण पणजीपासून महाडपर्यंत हमरस्त्याने ४०० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि आईचे गुडघे दोन तासांवर मुडपून राहिले की सुजतात. त्यामुळे रेल्वे. सकाळी थिवीला मांडवी एक्सप्रेस पकडायची की संध्याकाळी माणगाव. गाडीत आईला पाय लांब करता येतील, उठून चार पावलं टाकता येतील. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मी मोबाईलवर गजर लावून बसले आणि आईला खालचा बर्थ मिळवला. निघायचं शुक्रवारी. त्या रात्री माणगावातच मुक्काम, कारण अंधारात घाटातला रस्ता तिच्यासाठी नको.

शनिवारी सकाळी रिक्षा करून पाचाडला. दादाच्या यादीत पाचाड परतीच्या वाटेवर होतं. आईने ते वर आणवलं. जिजाऊंची समाधी तिथे आहे. राज्याभिषेक झाला ६ जूनला आणि १७ जूनला त्या गेल्या. लेकाचं सिंहासन डोळ्यांनी पाहून, अकरा दिवसांनी. "आधी आईकडे जायचं असतं," आई म्हणाली. त्यावर दादाही गप्प झाला.

मग रोपवे. खालचं स्थानक हिरकणीवाडीत आहे. १९९६ साली हा रोपवे सुरू झाला नसता तर आईला रायगड दाखवण्याचं स्वप्नसुद्धा मी पाहिलं नसतं. चित दरवाज्याकडून चढायचं तर चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत. पाळण्यात बसलं की पाच मिनिटांच्या आत वर. मी स्वतः दोनदा पायऱ्यांनी चढलेय. महादरवाज्यापाशी घाम पुसत उभं राहिलं की गड आपल्याला आत घेतोय असं जे वाटतं, ते पाळण्यात मिळत नाही, हे मी मान्य करते. पण आईच्या वयात गडावर पोचणं हेच महत्त्वाचं. जोराचा वारा सुटला की पाळणे थांबवतात, तेव्हा हातात अर्धा दिवस जास्तीचा ठेवणं भाग आहे.

खरी अडचण पंचमी रविवारी येण्याची. रविवारी रोपवेला रांग लागते, आणि त्यात २०२५च्या जुलैत रायगडासह बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळालाय. दादाने सोमवार सुचवला. आईने फक्त त्याच्याकडे पाहिलं. मग मला सुचलं की गडावर मुक्कामाची सोय आहे, खोल्या मोजक्या आहेत, पण आधी कळवलं तर मिळतात. शनिवारी दुपारी वर जायचं, रात्री गडावरच झोपायचं आणि रविवारी उजाडताना जगदीश्वराला निघायचं. पहिला पाळणा वर येईपर्यंत ती पायरीपाशी बसलेली असेल. हे सांगितल्यावर आईने कालनिर्णय मिटला आणि चहा टाकायला उठली.

वरचं चालणं मी कागदावर काढून तिला दाखवलंय. रोपवेचं वरचं स्थानक मेणा दरवाज्याजवळ आहे. तिथून राणीवशाची जोती, मग राजसभा, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठेच्या दोन रांगा आणि शेवटी जगदीश्वर. सपाट रस्त्यावर हे अंतर काहीच नाही, पण दगड उंचसखल आहेत आणि सावली जवळपास नाहीच. दादा घडीचं स्टूल खांद्याला लावणार. चार थांबे ठरवलेत. पहिला राजसभेत. दुसरा नगारखान्याच्या कमानीत, जिथून आम्ही परतलो होतो. तिथे आईला वेळ लागेल, तो लागू दे. तिसरा होळीच्या माळावर, महाराजांच्या पुतळ्यासमोर, चौथा बाजारपेठ संपते तिथे. टकमक, हिरकणी बुरूज, वाघ दरवाजा हे या खेपेला सोडले. माझी भाची टकमकसाठी रुसली होती. तिला म्हटलं, तुला आयुष्य पडलंय, तू पायऱ्या चढून ये.

देवळाच्या पूर्वेच्या दारातून बाहेर पडलं की समोरच महाराजांची समाधी. तिथे वाहायला आई परड्यातली अबोली नेणार आहे. दोन दिवसांच्या प्रवासात टिकेल का, हा प्रश्न तिने आमच्याआधीच सोडवलाय: कळ्या असताना खुडायच्या, गजरा करायचा नाही, केळीच्या ओल्या पानात गुंडाळून वर पंचा भिजवून ठेवायचा. नार्व्याची तुळस सोबत. पाणी वगैरे काही ओतायचं नाही, दगडाला कुंकू लावायचं नाही, हे मी बजावलं. ती म्हणाली, आमच्या लेखाला मी कधी कुंकू लावलंय का?

खाण्याचं फारसं बघायला लागत नाही. गडावर राहणाऱ्या बायका पिठलं-भाकरी आणि ताक देतात, आणि उन्हातून आल्यावर त्या ताकाला तोड नाही. गाडीसाठी आई चपात्या आणि सुकी भाजी करणार, नाचणीचे लाडू करणार. डिचोलीहून खाजं घ्यायचं मी कबूल केलंय, गडावरच्या बायकांना द्यायला. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जेवायचं नाही, हाही तिचाच नियम.

राहिला चालण्याचा सराव. डॉक्टरांनी हो म्हटलंय, पण रोज थोडं थोडं वाढवत न्यायला सांगितलंय. म्हणून आई आता संध्याकाळी घरातून निघून देवळापर्यंत, आणि तिथून फेरीच्या धक्क्याकडे चालते. पहिल्या आठवड्यात देवळाच्या पायरीवर पंधरा मिनिटं बसावं लागायचं. काल तिचा फोन आला तेव्हा मागे फेरीबोटीचं इंजिन ऐकू येत होतं. धक्क्यावरूनच बोलत होती.

"न बसता आलेय," ती म्हणाली. "आता सांग, तुझ्या त्या कागदावरचं मी कुठपर्यंत पोचले?"

मी कागद काढून अंदाज घेतला. बाजारपेठेच्या मध्यावर, म्हटलं.

"म्हणजे नगारखाना मागे पडला," ती म्हणाली, आणि दिवाडीची बोट लागतेय म्हणून फोन ठेवला.