आजींचा नकार आणि आमचे कर्तव्य

बडोद्याला फोन केला की दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकू हमखास विचारतात, "तुमच्याकडे म्हाताऱ्यांना छळणाऱ्या मुलांना पोलीस लगेच उचलून नेतात ना ग?" इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात सोशल वर्कर म्हणून काम करताना मला दिसते ते याच्या जवळजवळ उलट आहे.

देखभालीची गरज असलेल्या ज्या प्रौढ व्यक्तीचा छळ होत असेल किंवा होण्याचा धोका असेल, आणि त्या गरजेमुळेच जिला स्वतःचे रक्षण करता येत नसेल, तिच्याबाबत चौकशी करणे २०१४ च्या केअर ॲक्टने इंग्लंडमधल्या कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक प्रशासनावर, बंधनकारक केले आहे. पुढचे पाऊल मात्र सहसा तिच्या मर्जीशिवाय टाकता येत नाही. एखादीचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून तिला निर्णयक्षमताच नाही असे ठरवू नये, असे २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट बजावतो.

लेस्टरला गुजराती वस्ती मोठी असल्याने माझी बडोद्याची गुजराती इथे कामाला येते. (गोपनीयतेसाठी अनेक घरांतले तपशील मिसळून लिहीत आहे.) बँकेचे कार्ड मुलाच्या पाकिटात, आजींच्या दंडावर पिवळे पडत चाललेले बोटांचे वण, आणि प्रश्न आजींना विचारला की उत्तर सुनेचे. सून चहा ठेवायला आत गेली, की आजी घाईने म्हणतात, "बेन, कोईने कहेशो नहीं, मारा दीकराने जेल थशे." (ताई, कोणाला सांगू नका, माझ्या मुलाला तुरुंग होईल.)

"नाही सांगणार" हे शब्द अगदी ओठांवर येतात, पण तसे वचन आम्हाला देता येत नाही. दुसऱ्या कोणाला धोका असेल, छळणारा पगारी केअरर असेल, गंभीर गुन्हा घडला असेल किंवा नकार दडपणाखाली दिलेला वाटत असेल, तर माहिती पुढे द्यावी लागते. खरी अडचण या दडपणाचीच आहे, कारण भीती आणि लेकराची माया आपल्या माणसांच्या एकाच वाक्यात असतात. नातेवाइकाला दुभाषा करू नये हा नियम योग्यच. पण बाहेरचा दुभाषा त्याच मंदिरात जाणारा निघाला, की आजींचे तोंड मिटलेच म्हणून समजा.

क्षमता आहे, नकार आहे, फाइल बंद करा, असे काही सहकारी म्हणतात. मला हे स्वातंत्र्याच्या नावाखाली हात झटकणे वाटते. मात्र आजींना उचलून, ना भाषा ओळखीची ना ताट, अशा केअर होममध्ये ठेवणे हाही न्याय नव्हे. स्कॉटलंडच्या २००७ च्या कायद्यानुसार छळणाऱ्यालाच घरात येण्यास न्यायालय बंदी करू शकते, ही सोय मला अधिक पटते.

आपल्याकडचा २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा निर्वाह आणि मालमत्तेपासून सुरुवात करतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर कलम २३ नुसार ते हस्तांतर रद्द ठरवता येते. पण बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एखाद्या आजोबांनी असा अर्ज केला, तरी त्या संध्याकाळी जेवायला त्यांना त्याच घरात बसावे लागते.

म्हणून नकार मिळाला की मी तो नोंदवते, कोणते धोके समजावून सांगितले तेही लिहिते, आणि डॉक्टरांकडे आजी एकट्या आत जातात तेवढी दहा मिनिटे पुढच्या भेटीसाठी मागून घेते. त्यांना पोलीस नको असले, तरी पेन्शन स्वतःच्या नव्या खात्यात वळवायची का असे विचारले, तर त्या क्वचितच नाही म्हणतात.