नहराच्या पाळीवर

सायकलच्या दुकानातला पोट्टा हवेची नळी हातात धरून म्हणाला, "काकू, किती टाकू?"

"चाळीस."

"चाळीस? अन् मंग टाकता कायले? तशीच न्या न."

काकू म्हणाल्याचा राग गिळून मी त्याला समजावलं. डांबरी रस्त्यावर पळवायच्या सायकलींची चाकं बोटभर रुंद, त्यांत ८०-१०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासतात, हाताने दाबलं तर दगड लागतो. माझं चाक ४० मिलिमीटरचं, अंगावर खवले असलेलं. त्यात हवा कमीच हवी. म्हणजे खडा आला की चाक त्याच्याशी भांडत नाही, त्याला जरासं पोटात घेतं आणि पुढे जातं. पोट्ट्याने ऐकून घेतलं, काटा चाळीसवर आणला आणि माझी पाठ वळल्यावर शेजारच्याला म्हणाला, "एवढ्या पैशात सेकंडहँड मोपेड आली असती बे." खोटं नव्हतं.

हिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. ग्रॅव्हलला मराठीत एक शब्द शोधत बसलं तर पंचाईत होते, कारण आपल्याकडे हा माल फार बारकाईने ओळखतात. गिट्टी वेगळी, चुरी वेगळी, रेती वेगळी आणि मुरूम तर सगळ्यांहून वेगळा. गिट्टीवर सायकल नाचते, चुरीवर घसरते, रेतीत रुतते. मुरूम मात्र, तोही दोन-चार पावसाळे खाऊन दबलेला, ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन पट्टे घोटलेला, त्यावर ती चालते म्हणजे काय चालते! चाकाखालून एक बारीक कुरकुर येत राहते, भाजलेला पापड दुसऱ्या खोलीत कोणीतरी मोडत असावं तशी. ती ऐकायला मी हिवाळ्यात जमेल त्या रविवारी सायकल गाडीच्या मागे बांधते, नागपूरहून निघून कामठी, कन्हान, आमडी फाटा ओलांडते आणि पेंच धरणाच्या नहराला लागते.

नहर. पुण्याकडचे कॅनॉल म्हणतील, सरकारी फलकावर कालवा असतो, आमच्याकडे नहर. त्याच्या बांधाला पाळ. आणि ठरावीक दिवसांनी पाणी सुटतं ती पाळी. त्यामुळे पाळीला पाळीवर गेलो होतो असं कोणी म्हणालं तर दचकायचं नाही.

या पाळीवर मुरूम आहे तो काही आम्हा हौशी लोकांसाठी नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. तिच्यावर सिमेंटचं अस्तर थेट टाकलं तर एक-दोन वर्षांत तडकून वर येतं. म्हणून काळ्या जमिनीत कालवा काढताना माती आणि अस्तराच्या मध्ये न फुगणाऱ्या मातीचा जाड थर देतात, आणि तशी माती म्हणजे बहुतेक वेळा मुरूमच. पाळीवरून अधिकाऱ्यांची जीप जायची तर तिथेही तोच. पावसाळ्यात एकदा शहाणपणा करून मी पाळ सोडून पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेत, उतरले होते. वीस पावलांत दोन्ही चाकं पोळ्यातल्या मातीच्या बैलाची झाली. काडीने माती खरवडायची, चार पावलं ढकलायचं, पुन्हा खरवडायचं. तेव्हापासून पांदण दुरून पाहते.

भाचा अमेरिकेत इलिनॉयला असतो. हा नाद त्याचाच. तो तिथल्या जुन्या कालव्यांच्या काठाने सायकल हाणतो आणि फोटो पाठवतो. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मी त्याला लिहिलं, अरे, हे तर मौद्याजवळचं दिसतं. सपाट जमीन, मधोमध पाण्याची पट्टी, शेजारी खडीचा रस्ता आणि नजर पोचेल तिथवर सोयाबीन. मका जरा जास्त, एवढाच फरक. त्याने उलट उत्तर पाठवलं, "मावशी, नीट बघ, याला पायऱ्या आहेत."

त्या कालव्यांना खरंच पायऱ्या आहेत. ते शेतीसाठी खोदलेलेच नाहीत, बोटींसाठी खोदलेत. शिकागोपासून निघणारा इलिनॉय-मिशिगन कालवा १८४८ मध्ये सुरू झाला, सुमारे १५४ किलोमीटरचा. काठावरून खेचरं चालायची आणि दोरखंडाने मागची बोट ओढायची. आज माझा भाचा ज्या वाटेवर घाम गाळतो ती खेचरांची वाट, हे मी त्याच्या आईला आवर्जून सांगितलं. दुसरा त्याचा आवडता कालवा हेनेपिन. १८९२ मध्ये खोदायला घेतला, १९०७ मध्ये उघडला, आणि तोवर ज्या नद्या जोडायच्या त्यांच्यावरचे बोटींचे दरवाजे मोठे झालेले, बोटीही मोठ्या झालेल्या. कालवा जन्मतःच अरुंद ठरला. सरकारी कामाचा हा प्रकार वाचून मला त्या देशाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

पायऱ्या म्हणजे ते दरवाजे. बोट एका कोंडीत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं; पाणी चढतं, त्याच्यासोबत बोट चढते. पुढचं दार उघडायचं. हेनेपिनवर असे ३३ होते. म्हणजे त्यांचा कालवा टेकाड चढतो.

आमचा चढत नाही. आमचा फक्त उतरतो, तोही इतका हळू की त्याला उतरणं म्हणायलाही धाडस लागतं. मोठ्या कालव्याचा उतार साधारण पाच ते दहा हजारात एक ठेवतात, म्हणजे अख्ख्या किलोमीटरला वीतभर, कधी त्याहूनही कमी. जास्त दिला तर पाणी काठ खरवडेल, कमी दिला तर गाळ बसेल. तेवढी वीत सांभाळायची म्हणून नहर सरळ जातच नाही. समोर उंचवटा आला की वळसा, खोलगट आलं की भराव. गाव समोर दिसत असतं, मंदिराचा कळस दिसत असतो, आणि नहर तुम्हाला निवांत भलतीकडे घेऊन जातो. काठचे दगडही कोणत्या गावाचं अंतर सांगत नाहीत, धरणापासून किती आलात तेवढंच सांगतात. घाईच्या माणसाने इथे येऊच नये.

मला वाटायचं, उतार पाण्यासोबत असला की परतताना चढ लागेल. छे. वीतभर कोणाच्या पायाला कळणार? इथला चढ म्हणजे वारा. सकाळी जाताना वाटतं, काय तब्येत आहे आपली! परतताना कळतं की ती तब्येत पाठीवरच्या वाऱ्याची होती.

सपाट आहे म्हणून सगळं सारखंच दिसत असेल असं मात्र नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतर माझ्या लक्षात आलं की मी सायकलवरून दोन वेगळी गावं पाहतेय, एक डावीकडे, एक उजवीकडे. नहर उंचावरच्या कडेकडेने नेतात, म्हणजे त्याचं पाणी आपोआप उतरेल ते फक्त खालच्या बाजूला. डिसेंबरात खालच्या बाजूला धानाचे पुंजणे रचलेले, कापलेल्या बांध्यांतून बगळे, मोकळ्या वावरात गव्हाची हिरवी रेघ, पाटचारीच्या तोंडाशी कोणीतरी पावडं घेऊन उभं. वरच्या बाजूला तूर, बोंडं फुटलेली पऱ्हाटी, बाभळी, आणि तारेवर बसलेला नीलकंठ. मधे माझी पाळ. पंधरा-वीस पावलांचं अंतर, पण एकीकडे घाई आणि दुसरीकडे आभाळाकडे पाहणं.

वरच्या बाजूच्या त्याच बाभळींनी गेल्या डिसेंबरात मला थांबवलं. मागचं चाक फुसफुसलं आणि बसलं. काटा चांगला बोटाच्या पेराएवढा. सायकल उलटी केली, ट्यूब बाहेर काढली, आणि भोक सापडेना. वारा एवढा की गालाजवळ धरूनही हवा कळेना. पाण्यात बुडवण्याशिवाय इलाज नव्हता आणि पाणी तर चार हातांवर वाहत होतं. मी अस्तराच्या उतारावर पाय टाकणार तोच वरून आवाज आला.

"ओ ताई! तिथं नका उतरू. शेवाळ आहे. पाय सटकला की काही धरायले नाई."

वरच्या वावरातून एक म्हातारबाबा धुऱ्यावर येऊन उभे होते. डोक्याला मफलर, हातात विळा. बरोबर होतं त्यांचं. ते गुळगुळीत सिमेंट दिसायला घसरगुंडीसारखं असतं, पण पाणी भरून वाहत असलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर यायला जागा मिळत नाही.

"काकाजी, ट्यूब बुडवायची होती फक्त."

"हौ, मंग थांबा न."

खोपटातून त्यांनी दोर बांधलेली बादली आणली. पाळीच्या कडेला पाय रोवून ती अशी फेकली की पडता पडताच तिरपी होऊन भरली. हे काही पहिल्यांदा करत नव्हते. बादली मुरुमावर ठेवली, आणि आम्ही दोघं तिच्याभोवती उकिडवे बसलो. ट्यूब एकेक वीत आत घालत गेले. व्हॉल्व्हजवळ काही नाही, पुढे काही नाही. मग एका जागी मोहरीएवढा बुडबुडा आला, त्याच्यामागे दुसरा, मग रांगच लागली.

"पाह्यलं? निघाला!" काकाजींना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

कानशीने घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, टिकली दाबून धरली. सुकेपर्यंत बोलणं झालं. कुठून आले? नागपूरवरून. सायकलनं? काऊन, गाडी नाई का? आहे ना, फाट्यापर्यंत गाडीनेच आणली. यावर ते बराच वेळ नहराकडे पाहत राहिले. माझ्या बुद्धीबद्दल त्यांचं जे मत झालं ते त्यांनी सभ्यपणे मनातच ठेवलं.

"तुमचं वावर इकडेच?"

"वरचं. खालचं भावाचं." विळ्याने त्यांनी आधी तुरीकडे दाखवलं, मग पाळीपलीकडच्या गव्हाकडे. "वाटण्या नहर यायच्या आधी झाल्या. तवा दोन्ही सारखेच होते."

मला काय बोलावं सुचेना. ते मात्र सहज सांगत होते, कितीदा सांगून झालेलं असावं. विहिरीला थोडा पाझर येतो. पंपाने उचलायचं तर अर्ज, परवानगी, पाणीपट्टी, आणि मोटारीला लाइन राहायला पाहिजे.

"पेंचचं पाणी तुमच्या नागपुरात चार मजले चढते म्हणते ताई," ते हसून म्हणाले, "इथं बारा फूट नाई चढत."

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. ते मी सांगितलं नाही.

चाक बसवलं, पंपाने हवा भरली. काकाजींनी टायर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि ते मऊ लागताच अजून भरा म्हणाले. पुन्हा ती चाळीसची कथा सांगायचा धीर मला नव्हता, म्हणून आणखी दहा हात मारले. निघताना बादली उचलून नहरात रिकामी करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. आता वर आलं न ते."

बादली घेऊन ते धुऱ्याकडे गेले. खोपटाच्या बाजूला सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, एक वाफा होता, चादरीएवढा. वाकून, पाणी एका जागी पडू नये म्हणून हाताचा आडोसा करत, ते माझ्या ट्यूबचं पाणी त्या वाफ्यात सोडत राहिले.