त्यांना उत्तर दिशा कशाला हवी?

मुंबईत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना चुंबकीय जिवाणूंचा विषय निघाला की, वर्गात असो वा लोकलमधल्या गप्पांत, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: समुद्रतळाच्या मिट्ट काळोखात, गाळात राहणाऱ्या जिवाला उत्तर दिशा कळून करायचे काय? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहिते.

आधी ‘कळून’ या शब्दाबद्दल. या जिवाणूच्या पोटात मॅग्नेटाइटच्या, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडच्या, स्फटिकांची माळ असते. एकेक स्फटिक साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचा. ही माळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आपोआप वळते आणि तिच्यासोबत देहही वळतो. मेलेला जिवाणूसुद्धा वळतो. जिवंताचे कर्तृत्व पोहण्यात आहे. १९७५ मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांनी अमेरिकेतील खाऱ्या दलदलीच्या चिखलातले असे जिवाणू जगापुढे आणले, तेव्हा लोहचुंबक जवळ नेताच त्यांची पोहण्याची दिशा बदलत होती.

त्यांना उत्तर गाठायचीच नसते. चुंबकीय बलरेषा उत्तर गोलार्धात उत्तरेकडे जाता जाता जमिनीत शिरते. मुंबईत हा उतार तीस अंशांहून थोडा कमी आहे, ध्रुवाकडे तो वाढत जातो. अनेक चुंबकीय जिवाणूंना अत्यल्प प्राणवायूचा पट्टा मानवतो. वर तो जास्त, खोल गाळात मुळीच नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात दाही दिशा भटकण्यापेक्षा एका तिरप्या रेषेवर पुढे-मागे जाऊन हा पट्टा शोधणे सोपे. दक्षिण गोलार्धात बहुतेकांचा रोख उलट असतो, कारण तिथे खाली जाणारी बाजू दक्षिणेची.

हे स्पष्टीकरण मला पटते, पण ते सर्वत्र पुरत नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्यावर बलरेषा आडवीच असते, म्हणजे ती वर-खाली नेत नाही. खुल्या महासागराच्या तळाशी काही ठिकाणी प्राणवायू गाळात कित्येक मीटर मुरलेला असतो, म्हणजे शोधायला तो पट्टाच जवळ नसतो. तिथेही हे स्फटिक विपुल सापडतात.

सापडतात, कारण जिवाणू मेल्यावर ते गाळात टिकतात आणि त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवू शकतात. माणसाने घेतलेल्या नोंदी फार मागे जात नाहीत: मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या. विजेच्या ट्रामचा व्यत्यय नको म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारावी लागली. लाखो वर्षांमागचे क्षेत्र पाहायचे तर अशा गाळाकडे वळता येते, आणि खोल महासागरात तो काही ठिकाणी हजार वर्षांत काही मिलिमीटर इतक्या सावकाशीने साचलेला असतो.