शेल्टरचं अर्थिंग : माझा अनुभव

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या. तेव्हापासून आम्हा माजी सैनिकांच्या मनात होतं, की आपलं एक वायरलेस ठाणं हवं. यंदा लष्कराचं जुनं शेल्टर लिलावात मिळालं. अ‍ॅल्युमिनियमची खोलीच ती. आत रेडिओ, चार्जर, पंखे. बाहेर ५ केव्हीएचा जनरेटर. साताऱ्याजवळ एका माळावर ते ठेवलं. मी सिग्नल्समधला, म्हणजे लष्कराच्या संदेश विभागातला, म्हणून वीज जोडायचं काम माझ्याकडे आलं.

शेल्टर ओंडक्यांवर, म्हणजे जमिनीपासून तुटलेलं. अशा पत्र्याला काही बिघाड नसतानाही टेस्टर पेटू शकतो. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर, म्हणजे थोडासा एसी करंट जाऊ देणारे भाग, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला, म्हणजे पत्र्याला, जोडलेले असतात. बॉडी अधांतरी राहिली की तिच्यावर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसतं. ओल्या हाताने दार उघडणाऱ्याला झिणझिण्या येतात.

वायरमन म्हणाला, "सुभेदार, अर्थिंगला जमिनीत पहार ठोकली की झालं की!" हा समज मला फार धोक्याचा वाटतो. समजा फेज पत्र्याला चिकटली आणि करंटला परतायला फक्त जमीनच आहे. त्या वाटेचा रोध २० ओहम धरला, तर २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडणारच नाही आणि पत्रा जिवंत राहील.

म्हणून जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरपाशीच बॉडीला आणि जमिनीला जोडला. तिथून केबलमधली हिरवी, म्हणजे अर्थची, वायर थेट शेल्टरच्या बॉडीला आणली. आता बिघाडाचा करंट तांब्यातून परततो. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला; तेवढा करंट बाहेर गळाला की तो वीज तोडतो. शेल्टरच्या बोर्डात न्यूट्रल आणि बॉडीमध्ये जुनी लिंक होती, ती काढली. दोन ठिकाणी जोड असला की रोजचा करंटही पत्र्यातून वाहतो आणि आरसीसीबी उगाच पडत राहतो.

खरा घाम जमिनीने काढला. वर हातभर मुरूम, खाली काळा पाषाण; रॉड जाईचना. मग आडवा चर खणला. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे २५ बाय ४ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) पट्टी, १५ मीटर लांब, अर्धा मीटर खोल. वर मुरूम न टाकता ओढ्याची गाळाची माती भरली, पाणी मुरवलं आणि पट्टीचा जमिनीशी असलेला रोध अर्थ टेस्टरने मोजला. टेस्टरच्या दोन खुंट्या जमिनीत ठोकायच्या असतात; लांबच्या खुंटीपर्यंतच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर मधली खुंटी ठेवून रीडिंग घेतलं, तेही पट्टी जनरेटरपासून सोडवून.

दाराची एक गोष्ट राहिलीच असती तर वाईट झालं असतं. बिजागऱ्यांवर रंगाचे थर होते, त्यामुळे दार आणि चौकट यांत कंटिन्युइटीच, म्हणजे विजेचा अखंड जोडच, नव्हती. दाराला तांब्याची विणलेली पट्टी लावली. अँटेनाचा खांबही त्याच अर्थला जोडला. ते सगळं झाल्यावर जनरेटर चालू केला आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहिलं.

आता मे महिन्यात, जमीन सगळ्यात कोरडी असताना, पुन्हा मोजणार आहे. शेल्टर हलवायचं झालं तर अर्थची वायर सगळ्यात शेवटी सोडायची आणि नव्या जागी सगळ्यात आधी जोडायची, हे पोरांना सांगून ठेवलंय.