जीपच्या विंचचं वायरिंग : कट-ऑफ स्विच बॅटरीजवळ आणला

मिरग तोंडावर आला आणि विंचचं अर्धवट राहिलेलं काम एकदाचं मार्गी लागलं. गेल्या वर्षी जुन्या डिझेल जीपला १२ व्होल्टची, ९,५०० पाउंडांची विंच (ड्रमवर दोर गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं विजेचं यंत्र) बसवली होती. म्हणजे सुमारे ४,३०० किलोंची ओढ, तीही ड्रमवर दोराचा पहिलाच थर असताना. थर वाढले की ओढ कमी होते. विंच उत्तम चालत होती. वायरिंगबद्दल मात्र माझ्या मनात खटकत होतं, आणि ते उगाच नव्हतं.

तेव्हा कट-ऑफ स्विच, म्हणजे विंचची वीज तोडणारा स्विच, मी पुढे, बंपरला विंचच्या शेजारी लावला होता. हाताशी येतो, वायर कमी लागते, असा विचार. गणपतीनंतर जीपचा लाल चिखल धुताना रेडिएटरच्या चौकटीपाशी केबल ओढून पाहिली, तर पत्र्याच्या धारेवर घासून आवरण गेलेलं आणि आत तांबं चमकत होतं. हा तुकडा बॅटरी आणि स्विच यांच्या मधला. म्हणजे स्विच बंद असो की चालू, त्यात करंट कायम हजर. विंचच्या किटमध्ये फ्यूज नव्हता, मीही लावला नव्हता. ते तांबं बॉडीला टेकलं असतं तर बॅटरीने हजारेक अँपिअर सहज सोडले असते आणि केबल लाल होऊन पेटली असती. जीप पडवीला लागून उभी असते, पलीकडे पेंढ्याची उडवी. त्या रात्री मी बॅटरीची वायर काढून ठेवली आणि मगच झोपलो.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कट-ऑफ स्विच जितका बॅटरीजवळ, तितका चांगला. स्विचच्या पुढच्या केबलची वीज आपण तोडू शकतो, अलीकडची, बॅटरीकडची नाही. ती अलीकडची केबल वीतभरच असावी, आणि गाडी पुढून आपटली तर जिथे पत्रा चेपतो त्या भागात तर मुळीच नसावी.

पण स्विच बॉनेटखाली दडवूनही चालत नाही. विंचच्या सॉलेनॉइडचे, म्हणजे बटण दाबल्यावर मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे, संपर्क चिकटतात. बॅटरी दमली, व्होल्टेज पडलं की सॉलेनॉइडची कॉइल ढिली पकडते, संपर्क तडतडतात, ठिणग्या उडतात आणि एकदा का ते वितळून जोडले गेले की रिमोटचं बटण सोडूनही ड्रम फिरतच राहतो. हुक येऊन रोलरवर आदळेपर्यंत हातात मोजके सेकंद असतात. आषाढातल्या पावसात तेवढ्यात बॉनेट कोण उघडणार?

माझ्या जीपमध्ये आधीच्या मालकाने बॅटरी फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यापाशी) उजव्या अंगाला सरकवलेली आहे. त्याचा फायदा घेतला. काचेच्या खालच्या उभ्या पत्र्याला भोक पाडून स्विच असा बसवला, की चावी बाहेर आणि टर्मिनल आत, बॅटरीपासून ३५ सेंटिमीटरवर. ड्रायव्हरच्या सीटवरून हात पोचतो, बाजूला उभ्या माणसाचाही पोचतो आणि दोराच्या रेषेत यावं लागत नाही. आधीचा लाल चावीचा छोटा स्विच काढून टाकला. त्याच्या पाकिटावर ५०० अँपिअर ठळक छापलं होतं, पण ते पाच सेकंदांपुरतं. सतत फक्त १००. नवा सतत ३०० चा आहे. स्विचच्या पुढे विंचच्या वायरवर मंद वितळणारा फ्यूजही घातला.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा स्विच फक्त विंचच्या वायरवर आहे, गाडीच्या मुख्य बॅटरी लाइनवर नाही. इंजिन चालू असताना बॅटरीच तोडली तर अल्टरनेटरचं, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचं, व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जातात. रॅलीच्या गाड्यांना सगळं एकदम बंद करणारा स्विच असतो, पण तो इंजिनही बंद करतो आणि अल्टरनेटरसाठी वेगळी जोडणी ठेवतो. दोन्हींची गल्लत नको. शिवाय विंच ओढत असताना चावी फिरवणं हे संकटापुरतंच. डीसी करंट तुटताना आत मोठी ठिणगी पडते. एरवी आधी बटण सोडायचं, मग चावी.

केबल ३५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल. जायला दोन मीटर, यायला दोन. पूर्ण भाराला ४०० अँपिअर धरले तर केबलमध्येच सुमारे ०.८ व्होल्ट जातात. २५ ची घेतली असती तर १.१ गेले असते. अर्थची, म्हणजे परतीची, वायर चॅसीवर भरवसा न ठेवता मोटरपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणली. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, जुन्या चॅसीच्या गंजाबद्दल काय बोलायचं?

खाऱ्या हवेने मला जास्त शिकवलं ते जोडांबाबत. जुनी थिंबलं (केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोकं) कापली तर आवरणाखाली चार बोटं आतपर्यंत तारा काळ्या-हिरव्या झालेल्या. पाणी तारांमधून वातीसारखं चढतं. या वेळी कलई केलेली थिंबलं, हायड्रॉलिक क्रिंपिंग (थिंबल तारेवर दाबून बसवणं) आणि आत गोंद असलेली स्लीव्ह. आमच्या वायरमनदादांचा आग्रह हातोड्याने ठोकून वर झाळ मारायचा होता. मी हात जोडले. जोड तापला की झाळ वितळते, आणि झाळ संपते तिथे तार कडक होऊन तुटते.

परवा वळिवाची सर येऊन गेल्यावर बागेमागच्या सड्यावर जाणाऱ्या वाटेवर चाचणी घेतली. जांभा चांगला निसरडा झाला होता. ऐनाच्या बुंध्याला रुंद पट्टा लावला. आंब्याच्या कलमाला मी कधीच लावत नाही. इंजिन चालू, टाँग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र) केबलवर. रिकामी विंच ७० अँपिअर, चढावर जीप ओढताना २२०. बॅटरीवर ११.९ व्होल्ट, विंचवर मात्र ११.०. हिशेबाने केबलमध्ये अर्धा व्होल्टसुद्धा जायला नको होता, मग उरलेला कुठे गेला? ओढ चालू असताना भाच्याला मल्टिमीटरच्या पिना एकेका जोडावर धरायला सांगितलं. स्विचवर ०.०४, बॅटरीच्या टोकाला ०.०३, आणि विंचच्या अर्थच्या थिंबलावर ०.२५! २२० अँपिअरला त्याचे ५५ वॅट होतात. हेडलाइटच्या एका हॅलोजन बल्बाएवढी उष्णता, एका नखाएवढ्या जागेत. बाहेरून ते थिंबल अगदी देखणं दिसत होतं. क्रिंपिंगची डाय (दाबायचा साचा) एक माप मोठी वापरली गेली होती. कापून नवं बसवलं, पुन्हा मोजलं : ०.०३.

ही तपासणी प्रत्येकाने ओढ चालू असतानाच करावी असं माझं कळकळीचं सांगणं आहे. गाडी उभी असताना सगळेच जोड चांगले दिसतात.

राहिलेलं काम : स्विचच्या टर्मिनलांवर रबरी टोप्या, पत्र्याच्या भोकाला ग्रोमेट (रबरी कडं) आहेच, तिथे केबलला खाली झोळ द्यायचा म्हणजे पाणी स्विचकडे न जाता खाली टपकेल. श्रावणात हेच आकडे पुन्हा घेईन.